उसना दम

माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा माझा दम लागला, तेव्हा निघताना तो हसत होता. मिरजेच्या दवाखान्यातला लांबलचक रिकामा कॉरिडॉर, दोन्ही टोकांना एकेक नारिंगी शंकू, आणि अंगात राखाडी जाकीट घातलेला दिगंबर. जाकिटाचा एक पट्टा त्याच्या गळ्याभोवती होता. “बैलाला झूल घातल्यागत दिसायलोय का गं?” त्यानं मला विचारलं. मी बाकावर बसले होते आणि माझ्या छातीला एक छोटी चकती चिकटवलेली होती. डॉक्टर नदाफ म्हणाल्या, “बोलू नका. चाला.”

तो चालला. पहिल्या फेरीत ऐटीत चालला. दुसऱ्या फेरीत त्याचा हात भिंतीकडे गेला. तिसऱ्या फेरीत भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल नळकांड्यापाशी तो थांबला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला, आणि मान वर करून त्यानं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यानं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

“मंजिरी,” तो म्हणाला, “असं होतंय व्हय तुला?”

“रोज,” मी म्हणाले.

नवऱ्याचं नाव लिहायला मला काही वाटत नाही, तोंडानं मात्र ‘अहो’च येतं. इचलकरंजीत वाढलेल्या माझ्या वयाच्या बायकांचं असंच आहे. दिगंबर सातपुते तिथल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. मी तिथल्याच एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. म्हणून माझ्या आजाराबद्दल मीच सांगते. दिगंबरला विचारलं तर तो ‘फुप्फुसात गुठळी’ एवढं सांगेल आणि गाडी दत्तमहाराजांवर नेईल.

काही वर्षांपूर्वी माझा पाय मोडला होता आणि तो बरेच दिवस प्लास्टरमध्ये होता. तेव्हा पायाच्या शिरेत रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि सुटून फुप्फुसात गेल्या. बहुतेकांच्या गुठळ्या औषधानं विरघळतात. माझ्या काही विरघळल्या नाहीत. जुन्या नळात क्षार धरतो ना, तशा त्या रक्तवाहिन्यांच्या आतून चिकटून घट्ट झाल्या. हृदयाची उजवी बाजू फुप्फुसात रक्त ढकलते. तिला आता अरुंद झालेल्या नळ्यांतून ढकलायचं असतं. ती आधी जोर करते, मग फुगते, आणि एक दिवस हात टेकते. यावर एक मोठं ऑपरेशन आहे. शरीर थंड करून, हृदय थांबवून, नळ्यांच्या आतलं ते अस्तर सोलून काढायचं. ते कधी करायचं, करायचं की नाही, हे ठरवताना डॉक्टर फोटो बघतात, दाब बघतात, आणि शेवटी एक साधा प्रश्न विचारतात. या माणसाला रोज काय काय जमतं?

आणि इथंच घोडं पेंड खातं. पेशंटला सहा मिनिटं चालायला लावायचं आणि अंतर मोजायचं, ही जुनी रीत. चांगली रीत आहे. बरोबरच्या माणसानं मागून चालायचं, शेजारून नाही, नाहीतर पेशंट त्याचा वेग धरतो. चेव आणायचा नाही, ठरलेली चार वाक्यं तेवढी बोलायची. पण दम काही नुसता छातीत लागत नाही, तो मेंदूत लागतो, आणि मेंदूला सवय होते. जिना चढताना त्रास होतो का? नाही होत. का नाही होत? कारण जिना चढणंच सोडून दिलेलं असतं. मी वरच्या मजल्यावरचे वर्ग सोडले होते, मंडई सोडली होती, लग्नाकार्यात एकदा खुर्ची धरली की उठत नव्हते, आणि डॉक्टरांना सांगत होते, ‘तशी बरी आहे.’ बायका या उत्तरात पटाईत असतात.

म्हणून हे जाकीट आलं. पेशंटच्या छातीवरची चकती त्याच्या फुप्फुसातल्या रक्ताचा वेग आणि हृदयावरचा ताण क्षणाक्षणाला वाचते आणि फोनमार्फत जाकिटाला कळवते. जाकीट एका निरोगी माणसानं घालायचं. ते त्याची छाती त्या प्रमाणात आवळतं, आणि गळ्यातून जाणाऱ्या मज्जातंतूला बारीक बारीक झटके देऊन मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला खोटी बातमी पोचवतं, की हवा पुरत नाही. त्या माणसाला साक्षीदार म्हणतात. त्याला दम लागायची सवय नसते, त्यामुळे पेशंट ज्याला ‘बरी आहे’ म्हणतो त्याला तो काय म्हणतो ते कळतं. दोघांच्या उत्तरांत जेवढा फरक, तेवढं दुखणं पेशंटनं अंगवळणी पाडून घेतलेलं. माझ्या बाबतीत तो फरक इतका निघाला, की डॉक्टर नदाफांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“ऑपरेशन लांबवण्यात अर्थ नाही, सातपुते मॅडम,” त्या म्हणाल्या. “पण त्याआधी महिनाभर तुमच्या घरातली मोजणी हवी. चकती अंगावर सतत राहील. जाकीट यांनी रोज फक्त सहा मिनिटं घालायचं. जास्त अजिबात नाही. मेंदू शिकतो हो. शिकलेलं विसरायला त्याला फार वेळ लागतो.”

दिगंबरनं मान डोलावली. परतताना त्यानं माझी पर्स स्वतःच्या खांद्याला लावली आणि घरापर्यंत खाली ठेवली नाही. ‘जरा चाललीस की मोकळं वाटंल’ हे वाक्य मी त्याच्याकडून इतकी वर्षं ऐकत आले होते. ते त्या दिवसापासून बंद झालं.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे उठून नृसिंहवाडीला जायला लागला.

यात नवल काही नव्हतं. सातपुत्यांच्या घरात दत्ताची भक्ती पिढ्यान्‌पिढ्यांची, दिगंबर हे नावही त्यातलंच. वाडीला कृष्णाकाठी औदुंबराखाली दत्ताच्या पादुका आहेत, आणि लोक त्यांना प्रदक्षिणा घालतात. ज्याला स्वतःला जमत नाही त्याच्या नावानं दुसऱ्यानं घालायची, हेही चालतं. नातवासाठी आजी घालते, परमुलखातल्या लेकीसाठी बाप घालतो. संकल्प सोडताना नाव ज्याचं घ्याल, फळ त्याला. दिगंबर माझ्या नावानं घालत असणार हे मला ठाऊक होतं. मी विज्ञानाची बाई, पण नवऱ्याच्या पायांवर माझा हक्क सांगायला जात नाही.

यापलीकडं काय चाललं होतं ते मला कळलं वेगळ्याच तऱ्हेनं. शाळेत मधल्या सुट्टीनंतर मी वह्यांचा गठ्ठा घेऊन मैदान ओलांडत होते. फोन वाजला. दिगंबर होता, आणि पाठीमागं यंत्रमागांचा खडखडाट.

“गठ्ठा खाली ठेव,” तो धापा टाकत म्हणाला. “आणि जरा बस कुठंतरी.”

मी मैदानाच्या मध्यावर उभी राहिले. सभोवार पाहिलं. अर्थात कोणी नव्हतं.

संध्याकाळी मी त्याला शर्ट काढायला लावला. आत जाकीट होतं. पहाटे अंघोळ झाली की चढवायचं आणि रात्री जेवायच्या आधी उतरवायचं, असं त्याचं चाललेलं. सहा मिनिटांनी ते आपोआप बंद पडायचं, पण बंद पडलेलं यंत्र चालू करण्यातच याची हयात गेलेली. हेही त्यानं पहिल्याच दिवशी जमवलं होतं.

“प्रदक्षिणाही हे घालूनच घालता?” मी विचारलं.

“मग? तुझ्या नावानं घालायची म्हटल्यावर तुझाच दम नको? माझ्या दमानं घातली तर ती माझी झाली.”

“आणि दिवसभर कशाला?”

“प्रदक्षिणा झाली की काढून खुंटीला लावायचं, हे काय खरं न्हवं. तू कुठं काढून ठेवतीस?”

डॉक्टरांनी बजावलेलं मी त्याला पुन्हा सांगितलं. त्यानं ‘होय की’ म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. मी भांडायला हवं होतं, जाकीट कपाटात कुलूपबंद करायला हवं होतं. नाही केलं, कारण मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं ज्या खोलीत मी एकटी होते, तिथं कोणीतरी येऊन बसलं होतं. मी जिन्याची पायरी चढावी आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एका माणसाची छाती आवळावी, या विचारानं मला रडू यायचं आणि ते सुखाचं असायचं.

“देवाकडं मागितलंत तरी काय?” मी एकदा विचारलं.

“ते सांगायचं नसतंय,” तो म्हणाला.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा नळ्या, सुया, दुखणं, सगळं होतं, पण एक गोष्ट नव्हती. छातीवर बसलेलं ते जे कोणी होतं, ते उठून गेलं होतं. घरी आल्यावर थोड्या दिवसांनी मी गच्चीचा जिना चढले. वर पोचले तेव्हा मला कळलं की मध्ये थांबायचं राहूनच गेलं. मी पुन्हा खाली गेले आणि पुन्हा वर आले, आणि शेजारच्या गच्चीवरच्या बाईंना वाटलं असेल की या सातपुतेबाईंचं काहीतरी हरवलंय.

“अहो, वर या ना,” मी हाक मारली. “इथून पंचगंगेच्या बाजूचं सगळं दिसतंय.”

“तू बघ,” खालून आवाज आला. “आलोच.”

तो आला नाही. मी खाली डोकावले. तो जिन्याच्या मधल्या पायरीवर बसला होता, हात गुडघ्यांवर.

जाकीट आणि चकती दोन्ही आम्ही ऑपरेशनच्या आधीच दवाखान्यात परत केली होती. त्याच्या अंगाला आता काहीही जोडलेलं नव्हतं. थकवा असेल, माझ्यामागं धावून दमला असेल, असं मी धरून चालले. मग एका दुपारी आम्ही दोघं घरीच होतो. मी मटार सोलत होते, तो माझ्यासमोर पेपर वाचत होता. एकाएकी त्यानं पेपर खाली ठेवला आणि तो धापा टाकायला लागला. बसल्या जागी, काहीही न करता. मी त्याच्या बोटाला मापक लावला. प्राणवायू उत्तम, माझ्यापेक्षा चांगला. थोड्या वेळानं धाप आपोआप उतरली आणि त्यानं पुन्हा पेपर उचलला.

मी घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मधली सुट्टी संपायची वेळ. या वेळेला मी वह्या घेऊन मैदान ओलांडत असे.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले, आणि जे दिसलं ते दिसलं नसतं तर बरं झालं असतं. सकाळी मी पूर्वी अंगण झाडायचे त्या वेळेला त्याला दम लागायचा. शाळा सुटून चढाच्या गल्लीनं घरी यायचे, त्या वेळेला तो कारखान्यात भिंतीला टेकतो, हे मी त्याच्या सोबत्यांकडून काढून घेतलं. शुक्रवारी जास्त, कारण शुक्रवारी मी भाजी घेऊन यायचे. मी आजारी होते तेव्हाचा माझा एकेक दिवस त्याच्या अंगात रोज उगवत होता आणि मावळत होता. मी इथं खुर्चीत बरी होऊन बसले होते, आणि ती दुसरी मंजिरी अजून वह्या उचलत होती, झाडत होती, चढ चढत होती.

सगळ्यात वाईट गल्लीत दिसलं. मी दूध घेऊन परतत होते. तो पुढं चालला होता. विजेच्या खांबापाशी तो थांबला, खिशातून फोन काढला आणि त्याकडे बघत उभा राहिला. हे माझं सोंग होतं. दम लागला की लोकांना कळू नये म्हणून मी फोन काढून, काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखं त्यात बघत उभी राहायचे. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. मी मागून जवळ गेले. त्याच्या हातातल्या फोनचा पडदा काळा होता.

“काय बघताय?” मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर गोंधळ होता. “काय की,” तो म्हणाला. “तसं बरं आहे.”

हे उत्तरही माझंच होतं.

डॉक्टर नदाफांनी त्याला तपासलं, एक रात्र ठेवून घेऊन झोपेतला श्वासही मोजला. फुप्फुसं स्वच्छ, रक्तवाहिन्या मोकळ्या, हृदय दणकट. मग त्यांनी त्याला त्याच कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, जाकिटाशिवाय. तिसऱ्या फेरीत तो लाल नळकांड्यापाशी थांबला आणि वाकला. डॉक्टरांनी संगणकावर माझी ऑपरेशनपूर्वीची मोजणी काढली आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. एकच रेघ दिसत होती.

“हा तुमचा आजार नाही, सातपुते,” त्या म्हणाल्या. “यांचा आजार आम्ही काढून टाकलाय. यांची त्या वेळची श्वासाची चाल तुमच्या मेंदूनं पाठ केली आहे आणि तो ती रोज म्हणतोय. सहा मिनिटं सांगितली होती मी.” मग त्यांचा आवाज मऊ झाला. “आणि आता तो झोपेतसुद्धा म्हणायला लागलाय. तुमचा श्वास झोपेत मध्येच अडतोय. मी तुम्हाला घाबरवत नाही, पण हे असंच राहिलं तर एखाद्या वेळी तो अडकेल तो अडकेलच.”

“मग उपाय?” मी विचारलं.

“उलटं करायचं. चकती तुम्हीच लावायची, कारण आता तुम्ही बऱ्या आहात. जाकीट यांनीच घालायचं. तुम्ही पुढं चाला, हे मागून. तुमचा आताचा श्वास यांना शिकवू. जुना पुसला जाईल.”

“नको,” दिगंबर म्हणाला.

आम्ही दोघी त्याच्याकडे बघायला लागलो.

“मी महाराजांना म्हटलंतं, तिचं दुखणं मला द्या,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “त्यांनी दिलं. ही बरी झाली. आता मी ते टाकून दिलं तर ते जाईल कुठं?”

डॉक्टर नदाफ उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि एक काचेची बरणी घेऊन आल्या. औषधी पाण्यात काहीतरी पांढरट, फाटे फुटलेलं तरंगत होतं, आल्याच्या गड्ड्यासारखं. माझ्या रक्तवाहिन्यांतून सोललेलं अस्तर. मीही ते पहिल्यांदाच बघत होते.

“हे बघा यांचं दुखणं,” त्या म्हणाल्या. “इथं आहे. कुठंही जात नाही.”

दिगंबरनं बरणी हातात घेऊन नीट न्याहाळली, एखादा सुटा भाग तपासावा तशी. मग परत दिली. “ही साल झाली, मॅडम,” तो म्हणाला. “दुखणं माझ्याकडं आहे.”

घरी येईपर्यंत मी त्याला सगळं समजावलं. श्वासाचं केंद्र, मज्जातंतू, सवय. आठवीच्या वर्गाला सांगते तसं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पटतंय की. पण कशाला विषाची परीक्षा?”

आता जे सांगते ते मी कोणाला बोलून दाखवलेलं नाही. तो ‘नको’ म्हणाला तेव्हा माझ्या आत कोणीतरी सुटकेचा श्वास सोडला होता. मी नवस मानत नाही. दुखणं ही हातातून हातात द्यायची वस्तू नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण मी गच्चीवर कपडे वाळत घालायची, बादली घेऊन धडाधड खाली यायची, आणि मधल्या पायरीवर तो बसलेला असायचा, त्याला वळसा घालून जाताना माझ्या मनात यायचं, असू दे तिथंच. त्याच्याकडेच असू दे. हे माझ्या मनात यायचं आणि मला माझी शिसारी यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. परीक्षा आल्या, पेपर तपासायचे आहेत, मग बघू मिरजेचं, असं मी स्वतःला सांगत राहिले. नवरा नाही म्हणतोय, ही सबब तर आयती होती.

मग एका रविवारी दुपारी जेवून तो आडवा झाला होता. मी शेजारी पेपर तपासत होते. त्याचा श्वास थांबला. आधीही थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा, त्यामुळे मी लाल पेन तसंच हातात धरून वाट पाहिली. तो सुरू झाला नाही. मी त्याच्या नाकाशी हात नेला. हवा हलत नव्हती. त्याचा चेहरा शांत होता, आणि माझी छाती भरून वाहत होती, मोकळी, ताजी, जणू दोघांचा वाटा मीच घेत होते. मी त्याला गदागदा हलवलं, हाका मारल्या. मोठा आवाज करून त्याचा श्वास परत आला. त्यानं डोळे उघडले.

“काय झालं?” तो म्हणाला.

“उठा,” मी म्हणाले. “वाडीला जायचंय.”

नदीला पाणी बेताचं होतं. दुपारच्या आरतीची गर्दी ओसरली होती. पादुकांसमोर उभं राहून मी हात जोडले नाहीत. मी दिगंबरकडे वळले.

“संकल्प कोणाच्या नावानं सोडला होता?”

“तुझ्या.”

“मला विचारलं होतं?”

त्यानं नकारार्थी मान हलवली.

“माझ्या नावाचा आहे, तर मोडायचा अधिकारही माझाच,” मी म्हणाले, आणि मग पादुकांकडे बघून मोठ्यानं म्हणाले, “यांनी जे मागून घेतलं ते माझं आहे. यांचं यांना राहू दे, माझं माझ्याकडे येऊ दे.” बाजूला बसलेल्या एक-दोघांनी माना वळवून पाहिलं.

दिगंबरच्या डोळ्यांत पाणी आलं. “अगं, आणि खरंच तुला परत आलं तर?”

“आलं तर येऊ दे. मला त्याची सवय आहे. तुम्हाला नाही.”

मग त्यानं माझी पर्स माझ्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्याला लावली. हे त्याचं ‘होय’ होतं.

एका दिवसात होणारं ते काम नव्हतं. कित्येक आठवडे आम्ही रोज मिरजेला गेलो. मी पुढं चालायचे, छातीला चकती. तो मागून यायचा, अंगात जाकीट. ते आता छाती आवळत नव्हतं, तर सैल सोडायला शिकवत होतं. पहिल्या दिवशी तो नेहमीच्या जागी थांबला. माझ्या पाठीमागं पावलं बंद झाली की मीही थांबायचे, आणि डॉक्टर म्हणायच्या, “मॅडम, तुम्ही थांबू नका. तुम्ही थांबलात तर ते थांबायलाच शिकतील.” मग मी चालत राहायला शिकले. मागं न बघता. दिवसागणिक पावलं जास्त वेळ ऐकू यायला लागली. कारखान्यात भिंतीला टेकणं बंद झालं. एका सकाळी अंगण झाडायच्या वेळेला तो चहा पीत होता आणि काहीच झालं नाही. कप खाली ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आणखी अर्धा कप मागितला.

शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, “आज पुसलं जाईल ते कायमचं. सहा मिनिटं सरळ चाला. मध्ये तोडलं तर मात्र पुन्हा पहिल्यापासून, आणि यांचं झोपेतलं बघता मला ते नको आहे.”

आम्ही निघालो. पहिली फेरी, दुसरी फेरी. मागची पावलं जवळ आली, मग शेजारी आली. दिगंबर माझ्या बरोबरीनं चालत होता आणि त्याच्या श्वासाचा आवाजच येत नव्हता. मग तो पुढं गेला. लग्नानंतर आम्ही कोल्हापूरला रंकाळ्यावर फिरायला जायचो, तेव्हा जसा हात मागं बांधून चालायचा तसा.

आणि माझ्या छातीवर कोणीतरी येऊन बसलं.

मी पाऊल टाकत राहिले. ते घट्ट झालं. बोटावरच्या मापकाकडे पाहिलं, प्राणवायू सत्त्याण्णव. नाडी ठीक. रक्तवाहिन्या मोकळ्या, अस्तर बरणीत. मग हे काय होतं? भीती असेल. विज्ञानाच्या बाईनं भीतीच म्हणायला हवं. पण भीती मला माहीत आहे, आणि हा दमही मला माहीत आहे. याच्याबरोबर मी इतकी वर्षं संसार केला होता. तो ओळखू येणार नाही, असं कसं होईल.

मी बोलले असते तर डॉक्टरांनी तिथंच सगळं थांबवलं असतं. दिगंबरनं जाकीट ओरबाडून काढलं असतं, आणि पुन्हा कधीही घातलं नसतं. तो पलीकडच्या शंकूला वळसा घालून माझ्याकडे तोंड करून येत होता. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. तो हसत होता, आणि माझ्याकडे बघता बघता त्याचं हसू जरासं थबकलं.

“सातपुते मॅडम,” बाकाजवळून डॉक्टर नदाफांनी ठरलेला प्रश्न विचारला, “दम किती लागलाय? शून्य ते दहा.”

दिगंबर उत्तराची वाट बघत होता.

“शून्य,” मी म्हणाले, आणि त्याच्या दिशेनं चालत राहिले.